जुन्या पिकअपचे हेडलाइट घरच्या घरी बदलताना

पिकअप जुना झाला आणि रात्रीचा उजेड मंदावला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात, मग जास्त वॅटचा बल्ब टाकतात आणि तेवढ्यानेही भागले नाही की एलईडीच्या मागे लागतात. वास्तविक दहा-पंधरा वर्षे भाजीपाला, सिमेंट किंवा दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीत दोष बल्बमध्ये असतो त्यापेक्षा त्याच्या पुढे आणि मागे अधिक असतो. पुढे डूमचा (हेडलाइटच्या अख्ख्या खोक्याचा) रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढे फेकणारा आतला आरसा, आणि काच, मागे होल्डर, वायरिंग आणि अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. हे पाचही तपासून मगच खर्च केला, तर निम्मे काम पान्या-पेचकसावर आणि थोड्या पॉलिश पेपरवर भागते. येथे महिंद्राचे जुने पिकअप डोळ्यांसमोर ठेवले आहेत, म्हणजे गोल सात इंची किंवा चौकोनी डूम, १२ व्होल्टची बॅटरी आणि अप्पर-डिप्पर (लांबचा आणि जवळचा झोत) एकाच काचेत असलेला एच-४ बल्ब. इतर कंपन्यांच्या जुन्या गाड्यांतही एच-४ असेल तर स्क्रूच्या जागा तेवढ्या बदलतात, बाकीचे काम हेच राहते.

सुरुवात दोष ओळखण्यापासून करावी. एका बाजूचा फक्त डिप्पर किंवा फक्त अप्पर गेला असेल, तर त्या बल्बची एक फिलामेंट तुटली आहे असे बहुधा समजावे. एका बाजूचे दोन्ही गेले असतील, तर आधी त्या बाजूचा फ्यूज आणि अर्थ पाहावा. दोन्ही बाजूंचा डिप्पर एकदमच गेला, तर दोन बल्ब एकाच रात्री उडाले असे मानण्यापेक्षा फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा स्टिअरिंगखालचा दिव्यांचा कॉम्बिनेशन स्विच तपासणे शहाणपणाचे. एक लक्षण मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे: डिप्पर लावला असताना एका बाजूच्या दोन्ही फिलामेंट लालसर, अर्धवट पेटलेल्या दिसतात आणि कधीकधी डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो. अशा वेळी त्या बाजूचा अर्थ सुटलेला असतो. करंटला बॉडीकडे जायला वाट नसते, म्हणून तो अप्परच्या फिलामेंटमधून उलटा फिरून दुसऱ्या बाजूने वाट काढतो. येथे कितीही महागडा बल्ब घातला तरी काहीही फरक पडत नाही.

उजेड दोन्ही बाजूंनी सारखाच पिवळट आणि थकलेला असेल, तर साधा मल्टीमीटर घेऊन बसावे. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे, ते साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान येते. मग दिवे लावून, होल्डर बल्बवर बसलेलाच ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोके आत घालून तेथे व्होल्टेज पाहावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर वाटेत कुठेतरी गळती आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून पुष्कळ झपाट्याने उतरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. गळती पॉझिटिव्हच्या वाटेत आहे की अर्थच्या, हे कळण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे होल्डरच्या अर्थच्या वायरवर लावावे. दिवा पेटलेला असताना तेथे शून्याच्या आसपासचा आकडा हवा. पाव व्होल्टच्या वर गेला, तर बॉडीला अर्थ जिथे बोल्टने आवळला आहे ती जागा शोधून, गंज आणि रंग खरवडून, लखलखीत पत्र्यावर तो पुन्हा घट्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत पुष्कळदा एवढ्यावरच काम संपते.

रिफ्लेक्टरची परीक्षा त्याहून सोपी आहे. दिवसा, दिवे बंद असताना, डूमच्या आत टॉर्च मारून पाहावे. आतली चकाकी आरशासारखी असेल तर डूम ठीक आहे. ती राखाडी, फोड आलेली किंवा सोलवटलेली दिसली, तर डूम बदलण्यावाचून गत्यंतर नाही, कारण ती चकाकी म्हणजे अतिशय पातळ धातूचा थर असतो आणि फडक्याने पुसला तरी तो निघून येतो. काच मात्र वेगळी गोष्ट आहे. जुन्या डूमची खरी काच असेल तर साबणपाणी पुरे. प्लास्टिकची असून पिवळी पडली असेल, तर ८००, १५०० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, सतत पाणी मारत घासून शेवटी रबिंग कंपाउंड लावले की ती बरीच उजळते. वरून उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट दिला नाही, तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो.

खरेदी करताना बल्बवरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याला हवा तो १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, एच-४. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बल्बचा पायाही अगदी तसाच असतो, तो आपल्या होल्डरमध्ये बिनबोभाट बसतो आणि लालसर मिणमिणत राहतो. हायवेलगतच्या दुकानांत दोन्ही एकाच फळीवर असतात. १००/९० वॅटचा बल्ब घेण्याचा मोह आवरावा, कारण जुनी वायरिंग आणि स्विच ६० वॅटच्या हिशेबाने, म्हणजे दर बल्बमागे साधारण पाच अँपिअरसाठी, केलेले असतात. त्यांतून आठ अँपिअरहून जास्त करंट गेला की आधी होल्डर वितळतो आणि मग स्विच. एच-४ च्या डूममध्ये बसणाऱ्या एलईडीबद्दलही माझे मत चांगले नाही. हॅलोजनच्या डिप्पर फिलामेंटखाली धातूची एक चिमुकली वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि त्यामुळेच समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत कापला जातो. रिफ्लेक्टरची सारी आखणी त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीची चिप त्या जागेवर तंतोतंत येत नाही, म्हणून उजेड गाडीपुढे भरपूर पसरलेला दिसतो, लांबवर पोचत नाही आणि समोरून येणारा मोटारसायकलवाला शिव्या देत जातो. पासिंगच्या वेळी अशा बदलावरून अडवणूक झाली, तर तक्रारीला जागाही राहत नाही. डूम घ्यायची असेल तर डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेलीच घ्यावी. ऑनलाइन मिळणारे काही सात इंची डूम अमेरिकी जीपसाठीचे असतात आणि त्यांचा डिप्पर समोरच्या वाहनाच्या बाजूला उंच उडतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी लावून चावी काढावी, दिवे गार होऊ द्यावेत आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. फक्त बल्ब बदलायचा असेल तर बॉनेट उघडून मागूनच हात घालता येतो. हात पोचत नसेल किंवा डूमच बदलायची असेल, तर पुढची जाळी काढावी लागते. तिचे स्क्रू वर्षानुवर्षांच्या चिखलाने धरलेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर डोकी झिजत नाहीत. जाळीच्या कडेच्या प्लास्टिक क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, तेव्हा चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

गोल डूमभोवती एक पत्र्याची कडी असते आणि ती तीन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. हेच तीन स्क्रू सोडवायचे. त्यांच्याशिवाय स्प्रिंग लावलेले दोन जाड स्क्रू दिसतात, एक वर आणि एक बाजूला. ते झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवण्यासाठी असतात, त्यांना या टप्प्यावर हात लावू नये. कडी निघाली की डूम पुढे येते, पण ती वायरवर लोंबकळू न देता एका हाताने धरून दुसऱ्याने मागचा होल्डर सरळ ओढावा. वायर धरून ओढली तर आतली पिन वायरीसकट बाहेर येते. चौकोनी डूम मागून किंवा बाजूने नट-बोल्टने आवळलेली असते, तेथे बहुधा दहाचा पाना चालतो.

होल्डर हातात आला की तो नीट न्याहाळावा. प्लास्टिक तपकिरी झाले असेल, एखाद्या पिनेचे पितळ काळेनिळे पडले असेल किंवा बल्बवर तो ढिला बसत असेल, तर नवा घ्यावा, शक्यतो चिनी मातीचा, आणि वायरी नुसत्या पीळ देऊन टेप न मारता सोल्डर करून किंवा दाबून बसवाव्यात. ढिली पिन तापते, तापल्याने आणखी ढिली होते, आणि नवा बल्ब आठवड्याभरात उडण्यामागे पुष्कळदा हेच असते.

नंतर बल्बमागचा रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारे झाकण, काढावा. त्यामागे तारेची क्लिप असते, तिचे टोक आत दाबून बाजूला सरकवले की ती उघडते आणि बल्ब मोकळा होतो. नव्या बल्बची काच बोटांनी धरू नये, कारण बोटांचे तेल काचेवर राहिले की ती जागा जास्त तापते आणि बल्बचे आयुष्य घटते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्यावा. बल्बच्या पत्र्याच्या चकतीला तीन कान असतात, त्यांतला रुंद कान वर येईल असा बल्ब बसवावा. तो नीट बसला की चकती सगळीकडून टेकते आणि हलत नाही. क्लिप अडकवून रबरी बूट पुन्हा घालताना त्याची कड डूमवर गोलाकार घट्ट बसली आहे याची खात्री करावी आणि त्यावर पाण्याची वाट लिहिलेली असेल तर ती खाली ठेवावी. बूट फाटला असेल तर दहा-वीस रुपयांसाठी तोच परत वापरण्यात अर्थ नाही, पहिल्याच पावसात डूमच्या आत दव धरतो आणि रिफ्लेक्टर कायमचा जातो. त्याचबरोबर डूमची हवा जाण्याची बारीक वाट सिलिकॉनने बुजवू नये, आत शिरलेला दमटपणा तेथूनच बाहेर पडतो.

व्होल्टेजची गळती स्विच आणि लांब वायरिंगमध्ये असेल, तर अप्परसाठी एक आणि डिप्परसाठी एक असे दोन रिले लावणे हा खरा इलाज. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तिच्यावर बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर. ८७ वरून दोन्ही बल्बना. जुन्या होल्डरमधून बल्बकडे जाणारी वायर ८६ वर आणि ८५ बॉडीला अर्थ. म्हणजे जुन्या स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ करंट उरतो. ही जोडणी करण्यापूर्वी होल्डरची समाईक पिन खरोखर अर्थलाच जाते ना, हे मीटरने पाहावे, कारण काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि तेथे जोडणी वेगळी करावी लागते. तशी वायरिंग निघाली तर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

सगळे बसले की झोत लावणे उरते, आणि घरी केलेल्या कामात हेच सर्वांत जास्त राहून जाते. टायरची हवा बरोबर करून, चालक बसवून, गाडी सपाट जमिनीवर भिंतीसमोर ५ मीटरवर सरळ उभी करावी. डूमच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर आडवी खडूची रेघ ओढावी आणि तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर यावी, म्हणजे झोत सुमारे एक टक्का खाली झुकतो. कडेचा डावीकडचा भाग थोडा वर चढलेला दिसतो, तो रस्त्याची डावी बाजू आणि फलक उजळण्यासाठी तसाच असायला हवा. एका डूमवर जाड कापड टाकून एकेका बाजूचे काम करावे.

पिकअपच्या बाबतीत एक गोष्ट मोटारीपेक्षा वेगळी आहे. मागे एक टन माल पडला की पाटे दबतात, नाक वर उठते, आणि रिकाम्या गाडीवर नेमका लावलेला डिप्पर थेट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. गाडी रात्री बहुतेक वेळा भरलेलीच धावत असेल, तर नेहमीचा माल भरून मगच झोत लावावा. रिकाम्या फेरीत उजेड जरा जवळ पडेल, ते चालते. दोन्ही परिस्थितींत गाडी सारखीच चालत असेल, तर वरच्या स्क्रूवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या जागांना ऑइल पेंटच्या दोन रंगांच्या खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे पेचकसाच्या फिरकीने झोत पुन्हा जागेवर आणता येतो.