अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम सिलिका जेलवर पकडायचं अन् परत काढायचं कसं

लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये कॉलमसाठीचं सिलिका जेल असतंच, त्यामुळं लायसोझाइमसारखं प्रोटीन (हे जिवाणूंची भिंत फोडणारं एन्झाइम) वेगळं करायला महागडं रेझिनच पाहिजे असं समजून कुणी प्रोजेक्ट सोडू नका.

आधी पावडर कुठली घ्यायची ते नीट ठरवा, कारण बहुतेकांचं इथंच फसतं. आपल्याकडं बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट मिळतो, तो सच्छिद्र आहे म्हणून पोरं तोच उचलतात, पण त्याची भोकं एक नॅनोमीटरपेक्षाही बारीक अन् लायसोझाइमचा रेणू साधारण ३ ते ४.५ नॅनोमीटरचा, म्हणजे तो आत जाणारच नाही, नुसता बाहेरून चिकटेल. सिलिका जेल ६० ची भोकं सरासरी ६ नॅनोमीटरची असतात, तिथं जागा मिळते. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट (फुगणाऱ्या चिकणमातीचं खनिज) भरपूर आहे, बेंटोनाइट या मातीत पण तेच असतं, अन् १९४५ साली लायसोझाइम बेंटोनाइटवरच पकडून वेगळं केलं होतं. तरी शेतातली माती थेट टाकू नका, तिच्यातली चुनखडी पीएच बिघडवते. बेंटोनाइट फुगतं अन् लवकर खाली बसत नाही, म्हणून पहिल्यांदा सिलिकाच बरी.

आता हे जमतं कसं ते बघा. पीएच ७ ला सिलिकावर ऋण चार्ज असतो, पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन ओव्हाल्ब्युमिन, त्यावर पण ऋणच (त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो, ४.५ च्या आसपास), पण लायसोझाइमचा ११ च्या जवळ आहे म्हणून ते धन राहतं आणि सिलिकाला जाऊन धरतं.

पांढरं काढा, तिप्पट २० मिलिमोलर, पीएच ७ चा फॉस्फेट बफर घाला, हळू ढवळा (फेस होऊ देऊ नका, फेसात प्रोटीन खराब होतं), जे दोरे-गुठळ्या होतील त्या मलमलच्या कापडातून गाळून टाका आणि पीएच परत तपासा, कारण जुन्या अंड्याचं पांढरं ९ च्या पुढं पण जातं. बफरमध्ये भिजवून धुतलेली २ ग्रॅम सिलिका ५० मिलीत टाका, अर्धा तास हलवा, खाली बसू द्या, वरचं पाणी ठेवून द्या. मग साध्या बफरनं तीनचारदा धुवा. काढायला त्याच बफरमध्ये १ मोलर मीठ, म्हणजे १०० मिलीला ५.८४ ग्रॅम, अन् ते ५-५ मिली करून दोनदा, एकदम जास्त ओतलं तर प्रोटीन पातळ होऊन जातं. सगळं निघत नाही, थोडं सिलिकावर राहतंच.

मोजताना वरच्या पाण्यातला फरक बघत बसू नका, पांढऱ्यातल्या एकूण प्रोटीनमध्ये लायसोझाइम फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, तो फरक बाययुरेटमध्ये (प्रोटीनची रंगाची चाचणी) दिसणारच नाही. मिठाच्या पाण्यातच मोजा, २८० नॅनोमीटरला, १ मिलीत १ मिलिग्रॅम असेल तर रीडिंग साधारण २.६ येतं. पण त्याआधी सेंट्रिफ्यूज कराच, सिलिकाचे बारीक कण राहिले तर रीडिंग खोटं वाढतं, आणि नुसत्या बफरमध्ये हलवलेली सिलिका ब्लँक म्हणून (तुलनेसाठी) ठेवा.

मिळालेलं प्रोटीन अजून जिवंत आहे का, म्हणजे काम करतं का, हे मायक्रोकॉकस या जिवाणूच्या गढूळ द्रावणात टाकून ४५० नॅनोमीटरला बघता येतं, ते निवळत जातं. फक्त मीठ जास्त असलं की क्रिया मंदावते, म्हणून आधी डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून मीठ बाहेर काढणं) करून घ्या, आणि एप्रिल-मेत करत असाल तर ते फ्रिजमध्येच ठेवा.