वडिलांमागे राहिलेली बंदूक: ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांनी काय करावे

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरांत बारा बोरची दुनळी बंदूक आढळणे नवलाचे नाही. ज्यांच्या नावावर परवाना होता ते आजोबा किंवा वडील वारले, की ती बंदूक घरातील इतर चीजवस्तूंप्रमाणे कपाटात तशीच राहते, आणि वर्षे सरली तरी तिची आठवण कोणाला होत नाही. परवाना मात्र त्या एका व्यक्तीचा होता. तिच्या मृत्यूनंतर घरातील कोणाचाही ताबा कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी आहे.

म्हणून बंदूक ठेवायची की नाही हा विचार नंतर करावा. आधी ती विनाविलंब जमा करावी. जमा करण्याची सोय जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे असते. बंदूक उचलून थेट रस्त्यावर निघू नये. मूळ परवाना व मृत्यूचा दाखला यांच्या प्रती जोडून ठाण्यात लेखी कळवावे, ती कोणी व कशी आणायची ते विचारून घ्यावे, आणि शिल्लक काडतुसेही मोजून सोबतच द्यावीत. बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय परतू नये. जमा केल्याने मालकी जात नाही; परवाना मिळालेला वारस ती परत घेऊ शकतो किंवा वारसांना ती विकताही येते.

आता ठेवण्याचा प्रश्न. आपल्याकडील चर्चेत अमेरिकेचे उदाहरण हटकून येते, पण तेथील हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतून आलेला आहे आणि भारतात शस्त्र बाळगण्याचा तसा मूलभूत हक्क नाही. आत्मसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे, आणि त्यालाही मर्यादा आहेत: बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तेथे तो हक्क लागू होत नाही. तेव्हा कुटुंबाने एकत्र बसून आपल्याला नेमके भय कशाचे आहे हे स्पष्ट मांडावे. गावाबाहेरच्या शेतावर एकट्याने राहणाऱ्याला, जेथे पोलीस पोहोचायला बराच वेळ लागतो, तेथे बंदुकीचा आधार वाटणे मला समजू शकते. दाट वस्तीत, जेथे साखळी हिसकावून चोर क्षणात पसार होतो किंवा फोनवरून फसवणूक होते, तेथे ती कपाटातच राहणार. भाऊबंदकीचा अथवा जमिनीचा वाद हे कारण असेल तर माझ्या मते बंदूक ठेवूच नये. रागाच्या भरात ती हाताशी असणे हाच मोठा धोका.

ठेवायचे ठरले, तर २१ वर्षे पूर्ण झालेल्या एका वारसाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर कचेरीत, अर्ज करावा. इतर वारसांची ना-हरकत शपथपत्रावर लागते आणि भावंडे पुण्याला किंवा इंदूरला असली की प्रकरण बहुधा येथेच अडते, म्हणून हे कागद सर्वांत आधी गोळा करावेत. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र व वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते, आणि त्यानंतर पोलीस चौकशी होते. अर्जदाराकडे आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी घेता येत नाही. स्थानिक अटींचीही चौकशी करावी: २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या प्रशासनाने अर्जदारांना दहा रोपे लावायला सांगितले होते, आणि शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवाना देण्याची योजना निघाली होती. अर्ज नामंजूर झाल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करता येते.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना हा सारा खटाटोप टाळता येईल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा त्याच्याकडे ती बंदूक २५ वर्षे असेल, तर तो हयातीतच आपल्या एका वारसाचे नाव सुचवू शकतो.

परवाना मिळाल्यावर बंदूक रिकामी व कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख विसरू नये. लग्नाच्या वरातीत ती कोणालाही देऊ नये, कारण चंबळ भागात ‘हर्ष फायर’ म्हणून रूढ असलेल्या आनंदाच्या गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूक जाहीर झाल्यावर शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाल्यास मुदतीत ठाण्यात जावे, आणि त्या वेळची पावती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवावी.