कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात? वाऱ्याच्या बाबतीत या चुका टाळा

सुरूच्या बनात गाडी लावायची नाही, हे आधीच सांगून टाकतो. सावली, पायाखाली मऊ वाळू, समोर समुद्र, मोह होतोच. पण वाळूतलं झाड जोराच्या वाऱ्यात मुळासकट येतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. वादळाचं सोडा, साध्या वाऱ्यातही माडाची वाळकी झावळी टपावर पडली तर सोलर पॅनल गेलाच म्हणून समजा.

झाडं नकोत म्हणून काहीजण उघड्या सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळपठारावर जातात. देवगडला पवनचक्क्या सड्यावर का उभ्या केल्या असतील, एवढा विचार केला तरी पुरे! रात्र काढायला थोडं आत, गावात या. पक्क्या इमारतीचा आडोसा बघा, पण भिंतीला खेटून नको. वरून कौलं आणि पत्रे सुटतात.

गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि व्हॅनची उभी बाजू म्हणजे शीडच. फसगत होते ती दिशेत. मे महिन्यात दुपारभर वारा समुद्राकडून येतो, म्हणून आपण नाक समुद्राकडे करून निवांत बसतो. संध्याकाळी वळीव येतो तो बहुतेकदा घाटाकडून, म्हणजे थेट पाठीवर. तेव्हा चारनंतर सूर्यास्ताकडे कमी आणि सह्याद्रीकडे जास्त बघा. तिकडे काळं दाटलं की गाडी फिरवा, पॉप-अप छत खाली घ्या, ऑनिंग (गाडीच्या बाजूला ताणलेलं सावलीचं कापड) गुंडाळा.

ऑनिंगचा धडा मी आंबोळगडला घेतला. चहा होईपर्यंत राहू दे म्हटलं. वाळूतल्या खुंट्या एका झोतात उपटल्या आणि कापड दांड्यासकट टपावरून पलीकडे गेलं. चहा व्हायचाच होता.

दाराचंही तसंच. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं की हातातून सुटतं आणि बिजागरी वाकते. मग ते नीट लागत नाही आणि पाऊस आत. आडोशाकडचंच दार वापरा, समोरासमोरची दोन दारं एकदम उघडू नका. आणि वारा लागतो म्हणून सगळं बंद करून आत शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चालवताना खरा धक्का बसतो तो डोंगराच्या कापातून बाहेर पडून खाडीच्या पुलावर चढताना. वेग पुलाच्या आधीच कमी करा. फेरीबोटीच्या भरवशावर वेळ आखत असाल तर दाभोळ-धोपावे बंद झाल्यास चिपळूणवरून वळसा पडतो आणि तो घाईघाईत, अंधारात कापावा लागतो.

अंदाज बघताना नुसता सरासरी वेग बघू नका, झोताचा आकडा बघा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला आणि मच्छीमार होड्या खाडीत आत न्यायला लागले, की उजेड आहे तोवर किनारा सोडा. चक्रीवादळाचा इशारा असेल तर गाडीत झोपायचंच नाही, पक्क्या घरात जा. मधेच वारा एकदम पडला तरी गाडी बघायला बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असला तर वारा थोड्या वेळात उलट्या दिशेनं परत येतो.