करवंद लावलंय पण फळच धरत नाही? या चुका टाळा

करवंदाची जाळी हौसेने लावायची आणि मग गुलाबासारखी जपायची, इथेच सगळं बिघडतं. अहो, सह्याद्रीच्या कातळावर, मुरमात, दिवसभर उन्हात वाढणारं झुडूप ते, त्याला रोज पाणी, वर शेणखत, वर युरिया असं चालू ठेवलं की पानं मस्त हिरवीगार होतात, फांद्या सुटतात आणि फुलाचा पत्ता नाही. पहिली 2 वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या, मुळं खाली गेली की हात आखडता घ्या. सावलीत लावलं असेल तर मात्र खतपाणी काहीही करा, फळ नावालाच लागणार.

पानं पिवळी पडली की लोक घाबरून अजून पाणी घालतात! आधी माती उकरून बघा, खाली चिखल असेल तर मुळं कुजायला लागलीत, पाणी बंद करा आणि निचऱ्याचं बघा.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते छाटणीचं. फुलं येतात फांदीच्या शेंड्याला, साधारण जानेवारी ते मार्च, आणि नेमकं त्याच्या आधी कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून कात्री चालवतात, म्हणजे वर्षाचं फळच कापून टाकलं की. छाटायचं ते फळं संपल्यावर, जूनच्या आसपास.

बी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, लवकर मरतं. पिकलेल्या फळातलं बी धुवून लगेच पेरा. नुसती काडी खोचून सहसा जगत नाही, पावसाळ्यात गुटी कलम बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीची थोडी साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळं फुटली की कापून लावायची.

तोडताना हाताला तेल लावा, चीक फार चिकट असतो. पण दुधी चीक दिसला म्हणून कुठल्याही झुडपाचं फळ तोंडात टाकू नका, विषारी कण्हेर याच कुळातली आहे. करवंद एकदम काळं झालेलंच खायला गोड, आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी, लहानपणीचा हा खेळ अजून सुटत नाही! पाऊस लागला की मात्र फोडून बघितल्याशिवाय खाऊ नका, अळ्या असतात.

जेली घट्ट होत नसेल तर सगळी पिकलेलीच फळं घेतली असतील, थोडी लालसर अर्धकच्ची मिसळा, पेक्टिन त्यांच्यात जास्त असतं.