न्यू जर्सीत प्रीस्कूलचा प्रवेश आणि लसीकरणातून धार्मिक सूट

अमेरिकेत मुलांच्या लसीकरणाचे नियम केंद्र सरकार नव्हे, तर प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. त्यामुळे धार्मिक कारणावरून सूट मिळते का, या प्रश्नाला देशभर लागू पडेल असे एक उत्तर नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्याने आणि न्यूयॉर्कने जून २०१९ मध्ये ही सूट बंद केली. मेन आणि कनेक्टिकट यांनीही तोच मार्ग धरला. टेक्सासमध्ये धर्माबरोबर सद्सद्विवेकाचे कारणही चालते. मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत धार्मिक सूट अस्तित्वात आहे. ती रद्द करण्याचा प्रयत्न २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२० च्या जानेवारीत झाला, पण राज्याच्या सिनेटमध्ये पुरेशी मते न जमल्याने तो फसला. पुढील माहिती न्यू जर्सीपुरती आहे. अर्ज करण्यापूर्वी राज्याच्या आरोग्य विभागाचा त्या वर्षीचा नियम एकदा पाहून घ्यावा.

पहिले काम म्हणजे आपल्याला खरोखर सूट हवी आहे, की फक्त मुदत हवी आहे, हे ठरवणे. भारतातून नुकत्याच आलेल्या पालकांची अडचण बहुधा धर्माची नसते, नोंदींची असते. प्रीस्कूलच्या वयाच्या मुलासाठी न्यू जर्सीत घटसर्प, धनुर्वात व डांग्या खोकला यांच्या एकत्रित लसीचे चार डोस, पोलिओचे तीन, एमएमआरचा (गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस) एक, कांजिण्यांचा एक, हिब व न्यूमोकोकल (दोन्ही मेंदूज्वर, न्यूमोनिया यांसारख्या जिवाणूजन्य आजारांविरुद्धच्या) लसींचा पहिल्या वाढदिवसानंतरचा निदान एकेक डोस आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपूर्वी फ्लूची लस, एवढे लागते. आपल्याकडच्या सरकारी केंद्रात नवव्या महिन्यानंतर दिलेली गोवर-रुबेला लस पहिल्या वाढदिवसाआधीची असेल, तर ती येथे मोजली जात नाही. दुसरा डोस वेळेत झाला असला, तरी त्या लसीत गालगुंडाचा घटक नसतो. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाही. एप्रिल २०१६ नंतर पाजलेले पोलिओचे थेंबही येथे सहसा धरले जात नाहीत, कारण त्या वेळेपासून थेंबांमधून पोलिओच्या विषाणूचा दुसरा प्रकार वगळण्यात आला. सर्व लसी वेळेवर टोचून घेतलेल्या मुलाचे कार्ड शाळेच्या कार्यालयात अपुरे ठरले की पालक गोंधळतात, आणि तेवढ्यात कोणीतरी ‘धार्मिक कारण लिहून द्या, काम होऊन जाईल’ असा सल्ला देते.

हा सल्ला घेऊ नये. अशा मुलांसाठी नियमातच तात्पुरत्या प्रवेशाची तरतूद आहे. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाच्या जुन्या नोंदी मिळवण्यासाठी ३० दिवसांची सवलत मिळू शकते. त्यानंतर आवश्यक असलेल्या प्रत्येक लसीचा निदान एक डोस झालेला असेल आणि पुढचे डोस वैद्यकीय वेळापत्रकाप्रमाणे चालू असतील, तर मूल वर्गात बसू शकते. पाच वर्षांखालील मुलाला सर्व डोस पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त १७ महिने दिले जातात. माता व बाल संरक्षण कार्ड, खासगी दवाखान्याची पुस्तिका, असेल ते सर्व घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि कोणता डोस ग्राह्य धरता येईल हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. एखाद्या लसीची खरोखर तीव्र अॅलर्जी असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती दुबळी असेल, तर ती वैद्यकीय सूट होय. तिच्यासाठी डॉक्टरांचे कारणासह आणि मुदतीसह निवेदन लागते. धार्मिक सुटीचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरी शंका शाकाहारी, विशेषतः जैन कुटुंबांना येते, आणि ती रास्त आहे. एमएमआरच्या अमेरिकेत जुन्या काळापासून वापरात असलेल्या लसीत आणि कांजिण्यांच्या लसीत डुकरापासून मिळणारे जिलेटिन असते. नाकात फवारण्याच्या फ्लूच्या लसीतही जिलेटिन असते. मात्र एमएमआरची ‘प्रायोरिक्स’ ही जिलेटिनविरहित लस २०२२ पासून अमेरिकेत मान्य आहे. ती प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही, म्हणून भेटीची वेळ घेतानाच विचारावे. लस तयार करताना इतर प्राणिज द्रव्ये वापरली जातात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेवढ्याने कोणाची हरकत दूर होईल आणि कोणाची होणार नाही. आक्षेप एखाद्याच लसीपुरता असेल, तर पत्रात फक्त तीच लस नमूद करावी आणि बाकीच्या टोचून घ्याव्यात. माझ्या मते बहुतेक श्रद्धाळू घरांना हाच मार्ग जास्त मानवेल, कारण हिंदू किंवा जैन परंपरेत लसीकरणाला सरसकट मनाई करणारा नियम नाही.

एवढे करूनही आक्षेप खरोखरच धर्माचा असेल, तर पुढची प्रक्रिया छोटी आहे. आई, वडील किंवा कायदेशीर पालकाने स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत पत्र लिहावे. त्यात दिनांक, मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेचे नाव, ज्या लसींवर आक्षेप आहे त्यांची नावे आणि लस देणे हे मुलाच्या धर्मपालनाशी कसे विसंगत ठरते याचे थोडक्यात विवेचन असावे, आणि शेवटी स्वाक्षरी करावी. आक्षेप धार्मिक आहे, हे त्या शब्दात स्पष्ट यायला हवे. राज्याने २००८ च्या अखेरीस दिलेल्या सूचनेनुसार असा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र शाळेने स्वीकारायचे असते. श्रद्धा किती खरी आहे याची उलटतपासणी करायची नसते. नोटरी किंवा धर्मगुरूचे प्रमाणपत्र लागत नाही. उलट ‘लसींवर आमचा विश्वास नाही’, ‘आमच्या जीवनदृष्टीत हे बसत नाही’, ‘इतक्या लहान वयात इतक्या सुया नकोत’ अशी तात्त्विक, नैतिक किंवा वैद्यकीय वाटणारी वाक्ये नियमाला पुरत नाहीत, आणि ती धार्मिक कारणासोबत मिसळली तर पत्र विनाकारण कमकुवत होते. इंटरनेटवरचा तयार मसुदा उतरवून काढू नये. त्यातली पंथाची भाषा बहुधा आपली नसते, आणि जे आपण मानत नाही त्यावर सही करणे हे खोटे निवेदनच ठरते. पत्राची एक प्रत शाळेत द्यावी, पोच घ्यावी आणि दुसरी प्रत जवळ ठेवावी.

चर्चने, मंदिराने किंवा अन्य धार्मिक संस्थेने चालवलेले प्रीस्कूल असेल, तर फी भरण्याआधी चौकशी करावी. अशा संस्थांना सूट देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नियमानेच दिला आहे, आणि त्यांच्या निर्णयाला सरकारी आरोग्य अधिकारी आव्हान देऊ शकत नाहीत.

सूट मिळाली म्हणजे मूल वर्षभर निर्धास्तपणे शाळेत जाईल, असे मात्र नाही. लसीने टळणाऱ्या आजाराची साथ आली तर आरोग्य अधिकारी सूट घेतलेल्या मुलांना घरी ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. गोवराच्या बाबतीत ही बंदी साधारणपणे शेवटच्या रुग्णाला पुरळ उठल्यापासून २१ दिवस चालते. मधे नवा रुग्ण सापडला की मोजणी पुन्हा सुरू होते. या काळातली फी परत मिळते का, हे करारात वाचावे आणि घरी कोण थांबणार याची सोय आधीच ठरवावी. गोवराच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत एमएमआर दिल्यास आजार टळण्याची शक्यता असते, तेव्हा तशी वेळ आल्यास काय करायचे हे पालकांनी आपसात आधीच बोलून ठेवलेले बरे. हा धोका कागदावरचा नाही: २०२५ मध्ये टेक्सासच्या पश्चिम भागात गोवराची मोठी साथ आली आणि तीत लस न घेतलेली दोन मुले दगावली.

ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळेला दिलेले पत्र इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत उपयोगी पडत नाही. तेथे धार्मिक किंवा नैतिक कारणावरून माफी हवी असेल तर आय-६०१ हा वेगळा अर्ज शुल्कासह करावा लागतो आणि अर्जदाराचा विरोध एखाद्या लसीला नसून कोणत्याही स्वरूपातील सर्वच लसींना आहे, तो श्रद्धेतून आला आहे आणि प्रामाणिक आहे, हे दाखवावे लागते. शाळेत फक्त कांजिण्यांच्या लसीपुरती सूट घेतलेल्या मुलाला त्या तपासणीत ही माफी सहसा मिळणार नाही, म्हणून शाळेचे पत्र देण्यापूर्वीच वकिलाशी बोलून घ्यावे.