क्रीम एल लावायच्या आधीची तयारी

घरी बिअर लावायचा, म्हणजे करायला घ्यायचा, शनिवार नक्की झाला की मी आधी जिना उतरून तळघरात जाते. वॉशिंग मशीनच्या मागचा कोपरा घरातला सगळ्यात गार. तिथे आठवडाभर थर्मामीटर ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. क्रीम एल या फिक्या अमेरिकन बिअरला १७-१८ अंश सेल्सिअस लागतात, आणि तेही बादलीतल्या रसाचे (धान्य गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस, त्याचीच पुढे बिअर होते), हवेचे नव्हे. यीस्ट कामाला लागलं की रस आपला आपणच दोन-तीन अंश तापतो, त्यामुळे कोपऱ्यात १५-१६च हवेत. इथे अमेरिकेत, सिनसिनाटीत, थंडीभर हे फुकट मिळतं. जुलैत लावायची असेल तर बादली मोठ्या टबात, पाण्यात उभी करायची आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-रात्र बदलत राहायच्या. त्या बाटल्या तीन दिवस आधी फ्रीझरमध्ये गेल्या पाहिजेत, म्हणून यादीत त्या इतक्या वर.

एवढी काळजी का, तर ही बिअर म्हणजे साधं वरण आहे. आमटीत गूळ-चिंच-गोडा मसाला पडला की थोडी लागलेली डाळही खपून जाते. साध्या वरणात काहीच खपत नाही. काळ्या स्टाउट बिअरमध्ये भाजलेलं धान्य आणि कडू आयपीए बिअरमध्ये हॉप्सचा (कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) मारा चुका झाकून घेतो. क्रीम एल फिकी पिवळी, हलकी, कोरडी. जे चुकलं ते पहिल्या घोटाला कळतं.

नावात क्रीम असलं तरी दूध-साय काही नसतं. पाहुणे हमखास विचारतात, उत्तर तयार ठेवा. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक अमेरिकेत आले ते लागर, म्हणजे गारव्यात आंबवून मुरवलेली बिअर, घेऊन आले आणि लोकांना तीच गार, स्वच्छ, सोनेरी बिअर आवडायला लागली. एल, म्हणजे त्याहून थोड्या उबेत आंबणारी बिअर, करणाऱ्यांनी मग आपल्याच एलच्या यीस्टवर, मका वगैरे घालून, तसंच काहीतरी करायला घेतलं. या गावाचा तर त्याच्याशी थेट संबंध आहे. ओव्हर-द-राइन या जुन्या जर्मन वस्तीखाली बिअर गार ठेवायची तळघरं अजून आहेत, आणि इथल्याच शोनलिंग ब्रूअरीने १९५८ मध्ये ‘लिटल किंग्ज’ ही क्रीम एल सात औंसांच्या हिरव्या बाटलीत आणली. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला जेनेसी ब्रूअरीची क्रीम एल १९६० ची. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही, पण एकदा आणून चव घेऊन ठेवा. कुठे पोचायचंय ते जिभेला माहीत असलं की बरं.

कायद्याचं एका दमात उरकते. अमेरिकेत घरी बिअर करायची मोकळीक जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने आली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन असतील तर २००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं काय किंवा बिअर करणं काय, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच. तेव्हा पुण्याच्या मावसभावाने ही यादी वाचावी आणि सुट्टीत इकडे यावं.

आता सामान. माप पाच गॅलनचं, म्हणजे १९ लिटर. अमेरिकन टू-रो मॉल्ट सात पौंड, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. हे मोड आणून वाळवलेलं सातूचं धान्य. गोडवा आणि तो गोडवा मोकळा करणारे एन्झाइम दोन्ही त्यातच. दुकानदाराकडून भरडून घ्या. टरफल शाबूत राहावं आणि आतला दाणा चार-पाच तुकडे व्हावा, इतकंच. घरी मिक्सरमध्ये फिरवायचा मोह होतो. त्याचं पीठ होतं, आणि पीठ झालं की गाळताना चिखल. मॉल्टबरोबर मक्याचे फ्लेक्स दीड पौंड. दिसायला आपल्या चिवड्याच्या मक्याच्या पोह्यांचे सख्खे भाऊ. वाफवून लाटलेले असल्यामुळे ते थेट मॉल्टमध्ये पडतात. मक्याचा रवा आणलात तर आधी वेगळा शिजवावा लागेल. नाश्त्याच्या डब्यातले साखर लावलेले कॉर्नफ्लेक्स मात्र नकोत.

मग तांदूळ अर्धा पौंड, म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम. ब्रूच्या, म्हणजे बिअरच्या सामानाच्या, दुकानात ‘फ्लेक्ड राइस’ मागितलं की छोटीशी पिशवी मिळते आणि बिल मोठं येतं. पहिल्या वेळी ती पिशवी फोडून मी हातात घेतली आणि हसूच आलं. पोहे! भात भिजवून, भाजून, चेपलेले. स्टार्च आधीच मऊ झालेला. तेव्हापासून मी इंडियन ग्रोसरीतले जाडे पोहे आणते. पातळ आणू नका, त्यांचा लगदा होतो. पाकिटावर फक्त तांदूळ लिहिलेला असावा, मीठ-तेल काही नाही. मका आणि तांदूळ घातले की अंग हलकं होतं, रंग फिका राहतो, शेवट कोरडा येतो. त्यापलीकडे चवीत त्यांची फारशी लुडबुड नसते.

हॉप्स फार लागत नाहीत. कडूपणासाठी क्लस्टर ही जुनी अमेरिकन जात, ७ टक्के अल्फाची (कडूपणा देणाऱ्या आम्लाची) असेल तर १९-२० ग्रॅम, तासभर उकळायला. शेवटच्या पाच मिनिटांत लिबर्टी किंवा हालरटाऊ १४ ग्रॅम, नुसत्या वासापुरती. एवढ्यात पंधरा-सोळा आयबीयू (कडूपणाचं माप) होतात, आणि या बिअरला आठ ते वीस पुरे. पाकीट उघडून वास घ्या. चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा येत असेल तर ते हॉप्स जुने, परत करा.

यीस्ट शुक्रवारी रात्री आठवू नये. यूएस-०५ या कोरड्या एल यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट एवढ्या रसाला पुरतं. मी दोन आणते. दुसरं फ्रिजमध्ये दरवाज्याच्या कप्प्यात पडून राहतं आणि मला झोप लागते. तारीख बघून घ्या. कोल्श या जर्मन बिअरचं द्रवरूप यीस्टही छान चालतं, पण त्याला दोन दिवस आधी स्टार्टर करायला लागतो, म्हणजे थोड्या रसात यीस्ट वाढवून घ्यायला लागतं. पहिल्यांदाच करत असाल तर हा उद्योग अंगावर घेऊ नका.

पाण्यावर जरा थांबते, कारण माझी पहिली बॅच पाण्याने घालवली. नळाचं पाणी सरळ पातेल्यात भरलं, बाकी सगळं पोथीबरहुकूम. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर दवाखान्यातल्या पट्टीचा वास. नवऱ्याने सभ्यपणे दुसरा घोट घेतला आणि ग्लास सिंकजवळ ठेवला. पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन धान्यातल्या फिनॉलशी जुळतं आणि तो वास तयार होतो. उकळून, मुरवून, कशाने जात नाही. क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून उडतं, क्लोरामाइन उडत नाही. उपाय दहा पैशांचा: दोन्ही घालवणारी कॅम्पडनची गोळी. एक गोळी ७५ लिटरला पुरते, आपल्याला २८ लिटर लागणार, तेव्हा अर्धी गोळी कुटून आदल्या रात्री पाण्यात ढवळून टाकायची. सोबत पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. फिक्या मॉल्टला आंबटपणा कमी, त्यामुळे पाणी जड असेल तर मॅशचा (गरम पाण्यात भिजत घातलेल्या धान्याचा) पीएच वर राहतो आणि चव बोथट, थोडी तुरट होते. ५.२ ते ५.५ मध्ये आणायला लॅक्टिक ॲसिड एकेक मिलिलिटर घालत जायचं. पीएच मीटरची बॅटरी शुक्रवारीच तपासा.

पातेलं. २८ लिटर पाणी आणि चार किलोंवर धान्य, दोन्ही एका वेळी मावलं पाहिजे. म्हणजे ३१ लिटर तर झालेच. माझं पातेलं तीस लिटरचं होतं हे मला धान्य ओतताना कळलं, तोवर निम्मं ड्राइव्हवेवर. चाळीस लिटरचं घ्या. घरातल्या शेगडीवर एवढं पाणी खळखळून उकळत नाही. प्रोपेनचा बर्नर लागतो आणि तो उघड्यावरच. पाऊस आहे म्हणून गॅरेजचं दार लावून पेटवायचा विचारही करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टाकी उचलून बघा, निम्म्याहून हलकी असेल तर बदलून आणा.

मी मॅश पिशवीत करते. बारीक जाळीची मोठी पिशवी पातेल्यात पसरायची, धान्य तिच्यात. तासा-सव्वातासाने ती उचलायची आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखी टांगून निथळू द्यायची. मात्र चक्का किलोभराचा असतो आणि ही पिशवी ओली झाली की सात किलोंच्या घरात जाते, वर साठ-पासष्ट अंश गरम. तिला टांगायची सोय आधी करा. माझ्याकडे घडीची शिडी पातेल्यावर उभी असते, तिच्या वरच्या पायरीला दोर आणि हुक. दोर ओढून बघा. जाड रबरी हातमोजे शिडीलाच अडकवून ठेवा.

बारीकसारीक गोष्टी शुक्रवारी दुपारी टेबलावर मांडते: वजनकाटा, थर्मामीटर (उकळत्या पाण्यात बुडवून खरा बोलतो का पाहायचं), हायड्रोमीटर (रस किती दाट ते सांगणारा) आणि त्याची नळी, टिंक्चर आयोडिन, पांढरी बशी, घड्याळ, वही. बशी कशाला? मॅश संपत आला की चमचाभर रस बशीत घ्यायचा आणि आयोडिनचा एक थेंब सोडायचा. काळानिळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, दहा मिनिटं थांबा. तपकिरी-पिवळाच राहिला तर झालं. तपासलेला रस टाकून द्या, परत पातेल्यात नको. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी आयरिश मॉसही काढून ठेवा; ते समुद्री शेवाळ, त्याने रस निवळतो. काहीजण बिअर नितळ करायला नंतर जिलेटिन घालतात. आमच्याकडे शाकाहारी मंडळी असतात, म्हणून मी घालत नाही. दोन-तीन आठवडे जास्त फ्रिजमध्ये ठेवली की आपोआप निवळते.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं. भांडं घासलं की स्वच्छ होतं. स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलं की सोवळ्यात जातं. आजीच्या स्वयंपाकघरातला एवढा एकच नियम मी अजून पाळते: सोवळ्यातलं भांडं कोरड्या ओट्यावर टेकवलं की परत बुडवायचं. प्रमाण लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं, फेस पुसायचा नाही. उकळीनंतर जे जे रसाला लागणार ते सगळं यात: फर्मेंटरची (रस आंबवायची) बादली, झाकण, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप), नळी, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. बादलीच्या आत खोल ओरखडे असतील तर नवी आणा. तिथे जंतू बसतात आणि कुठल्याही पाण्याने निघत नाहीत.

रस गार करायची तांब्याची गुंडाळी नळाला जोडून एकदा पाणी सोडून बघा. गळत असेल तर ते आज कळू दे. उद्या सांध्यातून नळाचं पाणी थेट बिअरमध्ये जाईल. उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट येतं, तेव्हा दहा किलो बर्फ घेऊन ठेवावा.

बाटल्या आठवड्याभरात जमत नाहीत, म्हणून आतापासून जमवा. बारा औंसांच्या पन्नासेक लागतात, तपकिरी. हिरव्या सुंदर दिसतात पण उजेड आत येऊ देतात आणि हॉप्सना स्कंक या प्राण्यासारखा घाण वास येतो. पिळून उघडणाऱ्या झाकणांच्या नकोत. प्रायमिंगसाठी, म्हणजे बाटलीत फेस तयार व्हावा म्हणून, १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज साखर एका डबीत मोजून, वर चिठ्ठी लावून ठेवा. ती डबी उघडायची केव्हा, हे वहीत आधीच लिहा: हायड्रोमीटरचा सुरुवातीचा आकडा १.०४६ च्या आसपास, शेवटचा १.००८ च्या, आणि तो तीन दिवस हललेला नाही, तेव्हा. त्याआधी भरल्या तर बाटल्या फुटतात, काचेसकट.

शुक्रवारी झोपण्यापूर्वी पाणी पातेल्यात मोजून भरलेलं, अर्धी गोळी टाकलेली, वर झाकण. भिंतीवर एक कागद: पाणी ६८ अंशांवर, धान्य घातल्यावर ६५, पंच्याहत्तर मिनिटं; पिशवी वर; उकळी साठ मिनिटं, झाकण न ठेवता. शेवटच्या दोन शब्दांखाली मी लाल रेघ मारते. झाकण ठेवलं तर शिजलेल्या मक्याचा वास बिअरमध्ये अडकतो आणि दोष बिचाऱ्या मक्याला मिळतो. खरं तर तो मॉल्टमधून निघतो आणि वाफेबरोबर जायला हवा असतो. पिल्सनर मॉल्ट वापरलंत तर साठच्या जागी नव्वद लिहा. शिवाय पहिली उकळी येताना पातेल्यापासून हलायचं नाही. दूध उतू जातं तसाच हा फेस वर येतो, आणि दुधापेक्षा चिकट असतो. पाण्याची फवारणी बाटली हाताशी हवी.

सकाळी पातेल्याखाली जाळ लावला की बाकी सगळं जागच्या जागी असतं. मॅशची पंच्याहत्तर मिनिटं मात्र मोकळी जातात आणि भूक सपाटून लागते. जाडे पोहे आणताना बॅचपुरतेच आणू नका. कांदा आदल्या रात्रीच चिरून ठेवा.