पाळकाचं घर परदेशी निघतं तेव्हा

यांना, म्हणजे माझ्या पाळक नवऱ्याला, केनियात नैरोबीच्या एका सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, बायबलचा जुना करार शिकवायला बोलावणं आलं, तेव्हा बेळगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आमची अकरा वर्षं झाली होती. मागच्या महिन्यात खानापूरकडच्या एका पाळकीणबाईंचा फोन आला. त्यांच्याही घरी तसंच पत्र आलंय. "ताई, सुरुवात कुठून करू?" तासभर बोललो. तेच इथे लिहिते, पुढच्या घरांना उपयोगी पडेल.

सुरुवात माणसांपासून करा, पासपोर्टपासून नको. आधी बिशपसाहेबांना सांगा, मग चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांना, आणि पंचांना सांगितलं की येणाऱ्या पहिल्याच रविवारी मंडळीला. आम्ही पंचांना सांगून तीन आठवडे थांबलो. ती चूक झाली. ज्या आज्जींना हे दर महिन्याला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचे, त्यांना ही बातमी भाजीबाजारातून आलेल्या सुनेकडून कळली. हे त्यांच्या घरी गेले तेव्हा आज्जी एवढंच म्हणाल्या, "मला परक्याकडून कळावं होय?" यांना त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून सांगते, जे अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांच्या घरात नुकतं माणूस गेलंय, ज्यांचं लग्न तुमच्या हातून ठरलंय, त्यांच्या घरी त्या रविवारच्या आधी दोघांनी जाऊन या. आमच्याकडे अशी तेवीस घरं निघाली. दोन संध्याकाळी पुरत नाहीत, चार धरा.

मग रजिस्टरं. बाप्तिस्म्याचं, दफनाचं आणि लग्नाचं. लग्नाचं रजिस्टर पानन् पान बघा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे पाळकाशिवाय किमान दोन साक्षीदार लागतात, आणि गडबडीच्या दिवशी एखादी सही राहून जाते. आमच्या रजिस्टरात एका जोडप्यापुढे साक्षीदाराची एकच सही होती. दुसरे साक्षीदार निपाणीला राहायला गेले होते. हे एसटीनं जाऊन त्यांना घेऊन आले. पुढे त्या मुलीला पासपोर्टात नवऱ्याचं नाव घालायचं होतं. आम्ही निघून गेल्यावर कळलं असतं, तर तिनं कुणाला गाठलं असतं? बँकेतल्या मंडळीच्या खात्यावरची सही बदला, हिशेब पंचांपुढे वाचून दाखवा, आणि किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधा.

आता कागद. सीमाभागातल्या माणसाचे कागद एका राज्याचे कधीच नसतात. यांची दहावी कर्नाटक बोर्डाची, तिथे नाव आद्याक्षरांत. कॉलेज कोल्हापूरला, तिथे आडनाव आधी. पुढचं शिक्षण पुण्यात, पदवी सेरामपूरची, म्हणजे कागद बंगालचा. शिवाय जुन्या दाखल्यांवर गावाचं इंग्रजी नाव 'बेलगाम', आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. तिकडच्या कारकुनाला ही तीन माणसं आणि दोन गावं वाटतात. वकिलाकडून एकच प्रतिज्ञापत्र करून घ्या, त्यात नावाची सगळी रूपं लिहा, आणि पासपोर्टावर आहे तेच नाव सेमिनरीच्या पत्रात घालायला सांगा. पदवीवरचा सरकारी शिक्का बहुधा पदवी ज्या राज्यातली त्या राज्यातून घ्यावा लागतो, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. आमचे यात तीन महिने गेले. बोलावणं पक्कं झालं त्याच आठवड्यात हे काम सुरू करा. पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेतूनच होतो.

वर्क परमिट कोणत्या वर्गातलं काढणार, हे सेमिनरीला लेखी विचारा. धार्मिक कामासाठी केनियात वेगळा वर्ग आहे. आणि बायकांनो, हे तुमच्यासाठी: नवऱ्याच्या परमिटवर आश्रित म्हणून गेलात, तर तिथे नोकरी करता येत नाही. मी इथे चौदा वर्षं शाळेत शिकवत होते. हे मला राजीनामा दिल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी मी गेलेच असते, पण डोळे उघडे ठेवून गेले असते. घरात पगार एकच येणार, हे धरूनच मुलांच्या फीचं गणित मांडा. पाळकाच्या घरात बाईची नोकरी म्हणजे कित्येकदा महिनाअखेरचा तांदूळ असतो. हे पंचांनी आणि सेमिनरीनं दोघांनीही समजून घ्यायला हवं.

पिवळ्या तापाची लस सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्या. ती दहा दिवसांनी लागू होते, आणि तिच्या दाखल्याचं पुस्तक जवळ नसेल, तर केनियातून घरी परतताना विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्या. आणि स्वेटर न्या. विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून आम्ही सुती कपडेच भरले. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 मीटरवर आहे. जुलैत सकाळी बेळगावच्या डिसेंबरासारखं गारठतं.

शिकवण्याबद्दल हे सांगतील ते वेगळं, मी पाहिलं ते सांगते. पहिलं वर्ष यांना जड गेलं. प्रवचनात माणूस एक वचन घेऊन अर्धा तास बोलतो, आणि समोरचे 'आमेन' म्हणतात. वर्गात मुलं प्रश्न विचारतात, आणि "असं का?" याला प्रार्थना हे उत्तर चालत नाही. म्हणून निघण्याआधी निदान सहा महिने इब्री (हिब्रू) भाषेची वही परत उघडा. आणि आपलं मराठीपण पेटीत बंद करू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून साध्या मराठीत बायबल आणलं, पूर्ण ग्रंथ 1924 साली त्यांच्यामागे निघाला, हे यांनी वर्गात सांगितलं, तेव्हा केनियातल्या तुर्कानाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावरही उठली नाही. स्वाहिलीत पाळकाला 'म्चुंगाजी' म्हणतात. अर्थ मेंढपाळ, म्हणजे आपला 'पाळक'च. तेविसावं स्तोत्र शिकवताना यांनी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले.

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडा. नवे पाळक आले, की लग्न, बाप्तिस्मा, भांडण, सगळं त्यांचं. जुन्या घरांतून फोन येतील: "पाळकसाहेब, तुम्हीच सांगा." विचारपूस करा, प्रार्थना करा, पण "तुमच्या पाळकांना विचारलंत का?" हे प्रत्येक वेळी म्हणा. हे फोनवर तसं म्हणतात तेव्हा मला आतून तुटतं, तरी मी अडवत नाही.

बंगला रिकामा करताना हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, शेवटचं बिल भरून पावती फळीवर ठेवा. गॅसची टाकी भरलेली ठेवा. पावसाळ्यात मागच्या खोलीत कुठे गळतं, ते नव्या पाळकीणबाईंना हाताला धरून दाखवा, आणि तिथे ठेवायची बादली तिथेच राहू द्या. पहिल्या रात्रीपुरते तांदूळ, डाळ, मीठ, दुधाची पिशवी ठेवा. त्या बहुधा लहान मूल कडेवर घेऊन, संध्याकाळच्या गाडीनं दमून येतील.